बटणाचा हँडब्रेक आणि मागचे ब्रेक पॅड

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चाकरमान्यांच्या गाड्या परतीला लागतात, आणि त्याच्या आदल्या दिवशी आमच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. एका वर्षी ही गर्दी थेट घरच्या खळ्यात आली. भाच्याच्या गाडीच्या मागच्या चाकातून चीं चीं आवाज येत होता. पठ्ठ्याने पॅड ऑनलाइन मागवून मुंबईहून सोबतच आणले होते. मी पोचलो तेव्हा कॅलिपर सुटलेला, मोबाईलवर व्हिडिओ चालू, आणि हा पिस्टनवर सी क्लॅम्प, म्हणजे सी आकाराचा लोखंडी शिकंजा, आवळायच्या बेतात.

"झिला, आधी तो क्लॅम्प खाली ठेव. हँडब्रेक कसलो आसा तुझ्या गाडयेक?"

"हँडब्रेक नाहीच मामा. बटण आहे."

"मगे गाडयेक सांगलंस काय, पॅड बदलतंय म्हणान?"

त्याला वाटलं मामा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. बटणाचा हँडब्रेक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलायचे तर पहिलं काम पान्याचं नसतंच. आधी गाडीला सांगावं लागतं. का, ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं काम साध्या गाडीसारखंच आहे.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. चिमटा म्हणजे कॅलिपर. त्याच्या पोटात एक पिस्टन असतो. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइल त्या पिस्टनला ढकलतं आणि पॅड थाळीवर आवळले जातात. पाय काढला की ऑइलचा दाब जातो आणि पिस्टन केसभर मागे सरकतो. पुढच्या चाकांची गोष्ट इथेच संपते.

मागच्या चाकात त्याच पिस्टनला दुसरा मालक असतो. कॅलिपरच्या पाठीला मुठीएवढी काळी प्लास्टिकची डबी बोल्टाने बसवलेली दिसेल, तिच्यात दोन तारांचा प्लग गेलेला असेल. आत १२ व्होल्टची छोटी मोटर आणि तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर असतात. तिथून एक स्क्रू निघतो तो थेट पिस्टनच्या पोकळीत शिरतो. स्क्रूवर एक नट असतो. बटण ओढलं की मोटर स्क्रू फिरवते, नट पुढे सरकतो, पिस्टनला आतून टेकतो आणि त्याला पॅडवर रेटतो. तुम्हाला ऐकू येतं ते एवढंच: घुर्रर्र.

२००१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आला तेव्हा ती चैन होती. सुरुवातीच्या काही गाड्यांत एकच मोटर पूर्वीसारखीच तार ओढायची. आता क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर, एक्सयूव्ही ७०० यांच्या वरच्या व्हेरियंटांत बटण सर्रास दिसतं, आणि गणपतीत या गाड्या आमच्या वाडीतल्या आंब्याखाली रांगेने उभ्या असतात. तुमच्या गाडीला डबीवाला प्रकार आहे की आणखी कुठला, हे चाकाच्या मागे वाकून एकदा बघून घ्या. खाली लिहिलंय ते डबीवाल्याबद्दल.

मोटर बंद झाल्यावर नट मागे का घसरत नाही? डिकीतला स्क्रू जॅक आठवा. दांडा फिरवून गाडी वर उचलली, दांडा सोडून दिला, तरी गाडी खाली येत नाही. स्क्रूचे आटे इतक्या कमी उताराचे असतात की वजनाने ते उलटे फिरत नाहीत. इथेही तेच. म्हणून बॅटरी उतरली किंवा काढून टाकली तरी लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या गाड्यांत हवा संपली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. हा आपला बटणवाला तसा नाही. वीज गेली की तो असेल त्या जागी बसून राहतो.

किती आवळायचं हे मोटरला कसं कळतं? मिक्सरात ओल्या खोबऱ्याचं वाटण घट्ट झालं की मिक्सर कण्हतो, जास्त वीज ओढतो. कॅलिपरची मोटरही पॅड थाळीला घट्ट भिडले की जास्त वीज ओढायला लागते. गाडीतला कंट्रोलर त्या विजेवर नजर ठेवून असतो आणि ठरलेल्या आकड्याला मोटर थांबवतो. तोवर थाळीवर साधारण दीड-दोन टन वजनाइतका जोर आलेला असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बोटांचा प्रश्न आहे.

आता खरी मेख. ब्रेक सोडताना कंट्रोलर नटाला पार तळापर्यंत मागे नेत नाही, फक्त थोडी फट पडेल एवढाच नेतो. पुढच्या वेळी ब्रेक चटकन लागावा म्हणून. पॅड झिजत जातात तसा नट दर वेळी थोडा आणखी पुढे जाऊन थांबतो. पॅड संपत आले म्हणजे नट स्क्रूच्या बराच पुढच्या टोकाला उभा असतो, आणि त्याच्यासमोर पिस्टन. नव्या जाड पॅडांना जागा करायची तर पिस्टन मागे गेला पाहिजे. पण मागे नट आडवा! अशा वेळी सी क्लॅम्प आवळला तर तुम्ही ऑइलशी नाही, लोखंडी स्क्रूशी कुस्ती खेळताय. पिस्टन थोडा जाईल, मग दगडासारखा होईल. आणखी जोर लावला की आत काहीतरी ‘कट्’ होतं.

तो ‘कट्’ मी ऐकलेला आहे. बटणाची पहिली गाडी माझ्याकडे आली तेव्हा वीस वर्षांच्या अनुभवाचा माज होता. पिस्टन अडला म्हणून क्लॅम्पला पाइप घालून आवळला. गिऱ्हाइकाला अख्खा कॅलिपर मोटरसकट माझ्या खिशातून घेऊन दिला. पॅडांच्या किमतीच्या कितीतरी पट गेले. भाच्याच्या हातातला क्लॅम्प बघून पोटात गोळा आला तो त्यामुळे.

गाडीला सांगायचं म्हणजे काय

या गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये पॅड बदलण्यासाठी एक वेगळी अवस्था असते. तिला सर्व्हिस मोड म्हणतात, कुठे मेंटेनन्स मोड. ती चालू केली की दोन्ही मोटरी नटांना पार मागे घेऊन जातात, आणि काम संपेपर्यंत ब्रेक आपोआप लागणं बंद होतं. हा दुसरा भागही तितकाच मोलाचा आहे. बऱ्याच गाड्या इंजिन बंद केलं किंवा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की स्वतःहून पार्किंग ब्रेक लावतात. कॅलिपर हातात, बोटं पिस्टनसमोर, आणि पोराने गाडीत चढून बटणाशी खेळ मांडला, तर दीड-दोन टनांचा हिशेब तुमच्या बोटांवर होईल. गणपतीच्या घरात पोरांची काय कमी! म्हणून सर्व्हिस मोड असला तरी गाडीची चावी माझ्या खिशात असते. बिनचावीची गाडी असेल तर चावी घरात लांब, देवघराजवळ ठेवायला सांगतो.

हा मोड चालू करायची सरळ वाट म्हणजे स्कॅनर, गाडीच्या कंट्रोलरशी बोलणारं यंत्र. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात तो लागतो. इथे एक फसगत होते. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारे ब्लूटूथवाले गोटे बहुतेक फक्त इंजिनाचे फॉल्ट कोड वाचतात. ब्रेकच्या कंट्रोलरशी ते बोलत नाहीत. घेताना त्यात पार्किंग ब्रेकची सर्व्हिस लिहिलेली आहे का, आणि तुमच्या मॉडेलसाठी ती चालते का, हे दोन्ही बघा. काही गाड्यांत स्कॅनरशिवाय, पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबूनही मोड चालू होतो. तो क्रम कंपनीगणिक, वर्षागणिक बदलतो. गाडीच्या पुस्तकात असेल तर तोच खरा. दुसऱ्याच्या गाडीचा व्हिडिओ बघून तुमच्या गाडीची बटणं दाबत बसू नका.

काहीजण प्लग काढून मोटरला थेट बॅटरी जोडून नट मागे घेतात. होतं ते काम, नाही असं नाही. पण तेव्हा विजेवर नजर ठेवणारा कंट्रोलर मध्ये नसतो. नट टोकाला जाऊन अडकला तरी मोटर रेटत राहते. तारा उलट्या लागल्या तर पिस्टन मागे जायच्या ऐवजी बाहेर येतो. घरच्या माणसाने या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. स्कॅनर नसेल तर जवळच्या गॅरेजवाल्याला तेवढ्यापुरतं बोलावा. नट मागे घ्यायला आणि शेवटी परत पुढे आणायला मिळून दहा मिनिटं लागत नाहीत.

बॅटरीची तब्येत आधी बघा. आठवडाभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी अर्धमेली असते, आणि नट अर्ध्या वाटेत असताना ती मान टाकते. शंका असेल तर चार्जर लावूनच काम करा.

चिरा कुठे लावायचा आणि कुठे नाही

गाडी सपाटीवर हवी, कारण पार्किंग ब्रेक आपण काढणार आहोत. ऑटोमॅटिक असेल तर पी, नाहीतर पहिला गिअर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, त्याला जांभ्याचा चिरा उत्तम. मात्र उचललेल्या गाडीखाली आधाराला चिरा कधीही देऊ नका. आपल्याकडे ही फार वाईट सवय आहे. घर उभं राहतं म्हणून चिऱ्यावर भरवसा असतो, पण भिंतीत वजन चिऱ्याच्या सगळ्या अंगावर पडतं. गाडीचं वजन लोखंडाच्या एका टोकावर येतं आणि भोकाभोकांचा जांभा एका क्षणात फुटतो. लोखंडी स्टँडच घ्या, आणि पावसाळ्यात भिजलेल्या खळ्यात जॅक आणि स्टँड, दोन्हींच्या खाली जाड फळी घाला. नाहीतर मातीत शिरतात.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच, ब्रेक लागलेला असतानाच थोडे सैल करा. नंतर चाक मोकळं फिरतं आणि पाना नुसता चाकाबरोबर गोल जातो. मग गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाकं काढा, सर्व्हिस मोड चालू करा. दोन्ही बाजूंनी घुर्रर्र ऐकू येऊन थांबलं पाहिजे. एकच बाजू वाजली तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या बाजूला काय झालंय ते आधी शोधा.

बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा, भोवती फडकं गुंडाळा. पिस्टन मागे ढकलला की ऑइल उलटं वर येतं. मध्ये कुणी ‘लेव्हल कमी आहे’ म्हणून भर घातली असेल तर ते ओसंडतं आणि जिथे सांडेल तिथला रंग खातं. लेव्हल खाली गेली होती ती बहुतेक वेळा पॅड झिजले म्हणूनच. इंजेक्शनच्या सिरिंजने थोडं काढून ठेवा.

ऑइलवरून आठवलं. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचं ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. ताज्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी प्यायलेल्या ऑइलचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ते पाणी उकळलं की वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. जिथे जूनमध्ये मीठ बरणीत पाणी सोडतं, तिथे दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही उधळपट्टी नाही.

आता कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट. ते काढले की कॅलिपर वर निघतो. त्याला ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडू नका. तार किंवा सुंभाने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. मोटरचा प्लग विनाकारण काढू नका, काही गाड्या तेवढ्यावरून फॉल्ट दाखवतात. एका वेळी एकच बाजू उघडा. गोंधळ झाला तर दुसरी बाजू बघून जुळवता येतं.

जुने पॅड बाहेर आले की फेकायच्या आधी नीट बघा. पॅड काय सांगतात ते मला पॅड बदलण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण दहा-अकरा मिलिमीटर असतो. तीनच्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. चीं चीं आवाज करणारी पत्र्याची छोटी जीभ मुद्दाम तेवढ्यासाठी लावलेली असते. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेले असतील तर कॅलिपर मोकळा आहे. भाच्याच्या गाडीत उजवीकडचा आतला पॅड पत्र्याला आलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता. म्हणजे कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या पिना अडकल्या होत्या.

आपल्या किनाऱ्यावर हा रोग नेहमीचा. खारं वारं, चार महिने पाऊस, त्यात गाडी पुळणीवर नेऊन फोटो काढायची हौस. पिनांच्या रबरी टोपीत पाणी शिरतं आणि आत गंज धरतो. दुसरा गंज याहून लबाड. पॅडचे कान ज्या चकचकीत पत्र्याच्या क्लिपांत बसतात त्या क्लिपा गंजत नाहीत, पण त्यांच्या खालचं लोखंड गंजतं. गंज फुगतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत घट्ट बसतो. वरून सगळं स्वच्छ दिसतं, पॅड मात्र थाळीला घासत राहतो. नवा पॅड हाताने सरकत नाही म्हणून काहीजण हातोडीने ठोकून बसवतात, आणि सहा महिन्यांत तोच पॅड परत संपतो. क्लिपा काढा, खालचा गंज तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा, नव्या क्लिपा लावा. पॅड बोटाने सरकला पाहिजे.

पिना बाहेर काढून पुसा आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. घासताना तोंडाला मास्क असू द्या आणि धूळ हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्या. थाळीच्या कडेला किंवा टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. थाळी तितकी राहिली नसेल तर नवे पॅड घालून उपयोग नाही.

मग पिस्टन. जुना पॅड मध्ये धरून सी क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबा. दांडीच्या हँडब्रेकवाल्या डिस्कमध्ये पिस्टन फिरवत मागे घ्यावा लागतो. इथे फिरवायचा नाही. नट मागे गेलेला असेल तर पिस्टन लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो. नाही गेला तर जोर वाढवू नका, मोड खरंच लागलाय का ते तपासा. पिस्टनच्या तोंडावर खाच आणि आतल्या पॅडच्या पाठीवर गोळी असेल तर दोघांची जुळणी राखा. मधून मधून ऑइलच्या डबीकडे नजर टाका.

नव्या पॅडच्या कानांना ब्रेकचं ग्रीस नखावर येईल एवढंच. घासणाऱ्या तोंडाला ग्रीसचा हातही लागता कामा नये. कॅलिपर बसवा, बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तिथे लिहिलेल्या जोराइतकेच, आवळा, मग दुसरी बाजू. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे जोडीनेच बदलायचे.

सगळं बंद झाल्यावरची एक चूक फार लोक करतात. लगेच सर्व्हिस मोडमधून बाहेर पडतात. आधी पायाचा ब्रेक हळूहळू, कडक होईपर्यंत दाबा. मागे ढकललेला पिस्टन ऑइलने पुढे येऊन पॅडला टेकला पाहिजे. मगच मोड बंद करा. मोटरी नटांना पुढे आणतात, पॅड कुठे भिडतात ते विजेवरून शोधतात, आणि नवी जाडी कंट्रोलरला कळते. हेच उलट क्रमाने केलं तर नटाला समोर काही सापडत नाही, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून बसतो.

बटण चार-पाच वेळा ओढून सोडा. सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने फिरली पाहिजेत. ऑइलची लेव्हल बघा, झाकण लावा, चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. गाडी निघण्याआधी पेडल पुन्हा एकदा दाबा. मी हे तीन वेळा सांगतो आणि गिऱ्हाईक हसतं.

नव्या पॅडांना थाळीची ओळख व्हायला वेळ लागतो. रिकाम्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत बेताने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, थोडं अंतर गाडी तशीच चालवा, परत करा. वीस-पंचवीस वेळा. पहिल्याच दिवशी आंबोली किंवा करूळ घाट उतरू नका.

गाडी महिनाभर गावी ठेवून जाणार असाल तर सपाटीवर उभी करून, गिअरमध्ये ठेवून, चाकांना चिरे लावून पार्किंग ब्रेक सोडूनच जा. आवळलेला पॅड खाऱ्या ओलीत थाळीला चिकटतो आणि परत येऊन गाडी हलवली की धाडकन आवाज करून सुटतो. कधी पॅडचा तुकडा थाळीवरच राहतो. इंजिन बंद करताना आपोआप लागणारा ब्रेक कसा टाळायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं.

भाचा त्या रात्री मुंबईला परतला. दिवाळीला कोल्हापूरकडून फोंडा घाट उतरून खाली फोंडाघाटात चहाला थांबला, तेव्हा त्याचा घाबराघुबरा फोन. "मामा, गाडी बंद करून पाच मिनिटं झाली, आत कोण नाही, आणि मागून आपोआप घुरघुरली!"

थाळी घाटात तापून फुगलेली असते. थंड होताना ती आकसते आणि पॅडची पकड सैल होते. काही गाड्यांचा कंट्रोलर हे ओळखून काही मिनिटांनी नट आणखी थोडा आवळतो. मी म्हटलं, "काय जाला नाय तिका. तू चाय पी, तोपर्यंत थंड होतली."